मदत हवी आहे: टीसीटी ब्लेड, रंध्याची पाती आणि राउटर बिटना धार कुठे लावून घ्यावी? नवीन कुठून आणावी?

नमस्कार मंडळी,

कुडाळजवळ माझं छोटं सुतारकामाचं वर्कशॉप आहे. दारं-खिडक्यांच्या चौकटी, पलंग, देव्हारे अशी कामं. लाकूड बहुतेक फणस, आंबा, साग आणि हल्ली अकेशिया. किचनची ऑर्डर आली की प्लाय आणि सनमायका. मशिनं अशी: १० इंची टेबल सॉ (लोकल बनावट, २ एचपी, बेल्टवर), १२ इंची सरफेस प्लेनर, ८२ मिमीचा इलेक्ट्रिक हातरंधा आणि पाव इंची कोलेटचा (बिट धरणाऱ्या पकडीचा) ट्रिमर, म्हणजे छोटा हातराउटर.

अडचण धारेची आहे. आमच्याकडचे धार लावणारे कोयते, कुऱ्हाडी आणि आरा मशीनचे पट्टे झकास करून देतात, त्यात वाद नाही. टीसीटी ब्लेडचं, म्हणजे दातांवर टंगस्टन कार्बाइडच्या टिपा बसवलेल्या ब्लेडचं मात्र कठीण. मागच्या सीझनला एका ग्राइंडिंगवाल्याने ब्लेड करून दिलं. लांबून चकचकीत, पण टिपा जशाच्या तशा बोथट आणि टिपांमागचं लोखंड निळं पडलेलं. पहिल्याच फळीत दोन टिपा उडाल्या. माणूस समोर उभा नव्हता हे नशीब.

आता हातातल्या ब्लेडने दोन इंची फणस उभा चिरताना धूर येतो, कड काळी पडते. प्लायला खालून कपच्या निघतात. प्लेनरच्या पात्यांनी लाकडावर बारीक रेघा उठतात.

तर विचारायचं असं, की सिंधुदुर्गातून कोल्हापूर, बेळगाव, गोवा यांपैकी धारेसाठी कुठे पाठवणं सोयीचं? की स्वतःच डायमंड व्हील लावून छोटं ग्राइंडर करावं? नवीन ब्लेड ऑनलाइन घ्यावं की मुंबईला जाऊन? आणि राउटर बिटना धार लावता येते का, की फेकूनच द्यायच्या?

—

करवतकर:

धार कुठे लावायची ते नंतर बघू. आधी सांगा, ब्लेडला दात किती? जळका डाग दोन्ही कडांना येतो की एकाच? आणि दातांवर तपकिरी थर साचलाय का?

—

धागाकर्ता:

दात ६०. फळी चिरायला, आडवी कापायला, प्लायला, सगळ्याला तेच. डाग फेन्सला (फळी टेकवून सरकवायच्या आडपट्टीला) टेकलेल्या कडेलाच दिसतो. थर आहे, नखाने निघत नाही. फणस पुरता वाळलेला नव्हता, त्याचा चीक असावा.

—

करवतकर:

मग तुमचा अर्धा त्रास धारेचा नाहीच. एकेक घेतो.

दोन इंची लाकूड धाग्याच्या दिशेने चिरायला ६० दात फार होतात. दातांमधल्या खाचेत भुसा मावत नाही, तो आतच घासत फिरतो आणि तापतो. १० इंची ब्लेडला उभं चिरायला २४ ते ३० दात. प्लायला ६० किंवा ८०. सगळ्याला एकच ठेवायचं असेल तर ४०, पण मग दोन्हीकडे थोडी तडजोड. त्यात तुमचं मशीन बेल्टवर आहे, स्पिंडलचे (ब्लेडच्या दांड्याचे) फेरे मिनिटाला किती पडतात ते बघा. मोटर मिनिटाला २८८० फेऱ्यांची (आरपीएम) आणि दोन्ही पुली सारख्या असतील तर १० इंची ब्लेडच्या दाताचा वेग सेकंदाला ३८ मीटरच्या आसपास येतो. लाकडाला ६०च्या घरात बरा. मोटरकडची पुली मोठी केली तर वेग वाढेल, पण २ एचपीला ते झेपतंय का आणि ब्लेडवर छापलेल्या कमाल आरपीएमच्या आत राहतंय का, हे दोन्ही बघूनच.

एकाच कडेला डाग म्हणजे फेन्स तिरकी. मागचं टोक ब्लेडकडे झुकलंय, त्यामुळे फळी ब्लेडच्या मागच्या अंगाला चेंगरते. प्लग काढा. ब्लेडच्या एका दातावर मार्करने खूण करा. तो दात पुढे आणून मायटरच्या (टेबलावरच्या सरकत्या गेजच्या) खाचेपासून अंतर मोजा, मग तोच दात मागे फिरवून पुन्हा मोजा. फरक आला तर आधी ब्लेड खाचेला समांतर करून घ्या. त्यानंतर फेन्स खाचेला समांतर लावा. मागे कागदभर मोकळी राहिली तर चालेल, आत झुकलेली अजिबात नको. फळी उलटी फेकली जाते ती इथूनच.

आता थर. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून ब्लेड अर्धा तास ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. पूर्वी रॉकेल वापरायचो, ते हल्ली मिळतं कुठे. कॉस्टिक वापरू नका, वायर ब्रशही टिपांना लावू नका. धुतल्यावर लगेच पुसून शिवणयंत्राचं तेल लावा. तुमच्याकडच्या पावसाळ्यात नुसतं वाळवून ठेवलेलं ब्लेड आठवड्यात गंजतं.

एवढं करून मग बोथट आहे का ते ठरवा. दाताची कड उजेडात धरा. धार असेल तर कड दिसत नाही, गेली असेल तर पांढरी रेघ चमकते. सागात सिलिका असते, प्लायमध्ये डिंक, त्यामुळे दोन्ही धार खातात. हे धुऊन जात नाही, तिथे ग्राइंडिंगच लागतं.

—

उद्यमनगरी:

कोल्हापूरला पाठवा की राव. शिवाजी उद्यमनगरात टूल ग्राइंडिंगची दुकानं आहेत. एसटीच्या पार्सलने ब्लेड पाठवता येतं, परतही तसंच. बेळगावला उद्यमबागेतही चौकशी करा. तुम्हाला जे जवळ पडेल ते.

दुकान कुठलंही असू दे, आधी फोनवर विचारा: टिपेला कुठलं व्हील लावता? "डायमंड" म्हटलं तर पुढं बोला. साधं करडं किंवा पांढरं व्हील कार्बाइडला नीट कापत नाही, नुसतं घासतं आणि तापवतं. मागचं लोखंड मऊ असल्यामुळं ते मात्र भराभर खातं. तुमचं निळं पडलेलं ब्लेड त्यातलंच प्रकरण वाटतंय. हिरव्या व्हीलने कार्बाइड निघतं, पण कड खरबरीत राहते. तापलेली टीप पाण्यात बुडवली तर बारीक तडे जातात आणि मग ती मशीनवर उडते. तुमच्याकडं तसंच झालं असणार.

दुसरं, दाताच्या तोंडाला आणि माथ्याला, दोन्हीकडं घेता का ते विचारा. काही जण घाईत नुसतं तोंड घेतात. त्यानं धार येते, पण टीप लवकर पातळ होते. दर बहुतेक ठिकाणी दातामागे असतो, म्हणून ८० दाती ब्लेडला जास्त पडतं. उडालेल्या टिपा चांदीच्या ब्रेझिंगनं (डाक देऊन) नव्या बसवतात, त्याचे पैसे वेगळे. पण प्लेट (ब्लेडची चकती) निळी पडलेली असेल तर त्यावर टिपा बसवत बसू नका. प्लेटचा ताण गेलेला असतो, फिरताना लहरते.

पाठवताना दोन प्लायच्या तुकड्यांमध्ये ब्लेड ठेवून मधून बोल्ट आवळा. खोक्यात कागद कोंबून पाठवलेल्या ब्लेडच्या टिपा वाटेतच जातात.

—

नागदेवीचा फेरीवाला:

खरेदीचं सांगतो. मुंबईला जाणार असाल तर मशीद बंदर स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीट. हत्यारं, कटर, ड्रिल, ग्राइंडिंग व्हील, सगळं एकाच गल्लीत. पुण्याकडचे लोक रविवार पेठेत, बोहरी आळीत बघतात. फ्रॉइड, सीएमटी, बॉश, मकिता असं नावाजलेलं घ्यायचं तर ऑनलाइनही मिळतं, फक्त विक्रेता अधिकृत आहे का ते तपासा. खोके छापणारे भरपूर आहेत.

घेण्याआधी मशीनच्या स्पिंडलचा व्यास व्हर्नियरने मोजून न्या. १० इंची ब्लेड २५.४ मिमी भोकाचं येतं, ३० मिमीचंही येतं. भोक लहान करणारी रिड्यूसर रिंग मिळते, पण ती घट्ट बसणारी हवी. ढिली रिंग म्हणजे ब्लेड मध्य सोडून फिरणार, मग कितीही महाग ब्लेड घ्या.

ब्लेड उचलून टीप बघा. जाड आणि उंच टीप म्हणजे पुढे जास्त वेळा धार लावता येईल. स्वस्त ब्लेडची टीप इतकी बुटकी असते की एकदोनदा घासली की संपली, तिथे धारेचे पैसे घालण्यात अर्थ नाही. प्लायला एक आड एक तिरक्या माथ्याचे दात मागा. सनमायका, एमडीएफ जास्त असेल तर एक दात सपाट आणि एक दोन्ही बाजूंनी कोपरे छाटलेला, असा प्रकार येतो, तो जास्त टिकतो.

आणि कृपा करून ४ इंची लाकडाचं ब्लेड अँगल ग्राइंडरला लावू नका. हे तुम्ही विचारलं नाहीत, पण साइटवर रोज बघतो म्हणून लिहिलं.

—

भुसा आणि धूर:

राउटर बिटचं कुणी लिहिलं नाही. बेअरिंगची ट्रिमिंग बिट असेल तर आधी बेअरिंग काढून ठेवा, नाहीतर धुताना त्यातलं ग्रीस निघून जातं. मग बिटच्या आतल्या सपाट तोंडावर डायमंडच्या पट्टीने घासा, पाण्याचा थेंब टाकून. दोन्ही पात्यांना सारखे हात मारायचे. बाहेरच्या गोल कडेला अजिबात हात लावायचा नाही. तिथे घासलं की व्यास कमी होतो, बेअरिंग मोठं राहतं आणि सनमायकाची कड पूर्ण छाटली जात नाही. फार बोथट झालेली स्वस्त बिट सरळ टाका.

तुमचा ट्रिमर पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमी. बाजारात ६ मिमी दांड्याच्याही बिट मिळतात आणि दुकानदार "चालतंय" म्हणून देतो. चालत नाही. कोलेट पूर्ण आवळत नाही, बिट हळूहळू खाली सरकते आणि खाच खोल होत जाते. वाईट दिवस असेल तर सुटून बाहेर येते.

—

भोसरीचा सीएनसीवाला:

माझं काम सगळं प्लाय आणि एमडीएफवर, सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) राउटरने. सॉलिड कार्बाइडच्या स्पायरल बिट रीग्राइंड करून घेतो, पण ६ मिमीची बिट परत येते ती ५.८ वगैरे होऊन. सॉफ्टवेअरमध्ये नवा व्यास टाकावा लागतो. हाताच्या ट्रिमरला याचा उपयोग नाही. कुणी पुढे सीएनसी घेणार असेल म्हणून नोंद.

—

करवतकर:

प्लेनरच्या पात्यांचं राहिलं. रेघा उठतात म्हणजे पात्याला बारीक दाता पडलाय, बहुधा खिळ्यामुळे किंवा फळीला चिकटलेल्या वाळूमुळे. जुन्या घराचे वासे घेत असाल तर आधी चुंबक फिरवा. तात्पुरता उपाय: एक पातं केसभर डावीकडे आणि दुसरं उजवीकडे सरकवून बसवा. एकाची खोट दुसरं झाकतं.

ही पाती एचएसएसची (हाय-स्पीड स्टीलची) असतात, त्यांना डायमंड व्हील नको. लोखंडावर डायमंड तापला की झिजतो. पांढरं किंवा गुलाबी ॲल्युमिनियम ऑक्साइडचं व्हील, भरपूर पाणी आणि ३५ ते ४० अंशांचा कोन. म्हणून तुमच्या ग्राइंडरच्या प्रश्नाचं उत्तर: एका वर्कशॉपपुरतं ब्लेड ग्राइंडर घेऊन परवडत नाही. त्यापेक्षा दोन ब्लेड जास्त ठेवा, एक एसटीत, एक मशीनवर. घरी तेलाची सहाण आणि डायमंडची पट्टी एवढं पुरे.

हातरंध्याची ८२ मिमीची कार्बाइड पाती दोन्ही बाजूंनी चालतात. एक बाजू गेली की उलटवा, दुसरी गेली की नवीन घ्या. त्यांना धार लावत बसायचं नाही.

—

धागाकर्ता:

सर्वांचे आभार. फेन्स मोजली, मागे दीड मिमी आत होती. सरळ करून, ब्लेड धुऊन तीच फणसाची फळी चिरली. धूर नाही, डाग अगदी फिकट. ३० दाती ब्लेड मागवतोय आणि ६० दाती कोल्हापूरला पाठवतोय, प्लायमध्ये बोल्ट आवळून.

एकच शंका उरली. प्लेनरच्या कटर ब्लॉकला (पाती बसवलेल्या फिरत्या रुळाला) तीन पाती आहेत. खोट एकालाच जास्त आहे. तेवढं एकच पाठवलं तर?

—

उद्यमनगरी:

तिन्ही पाठवा. एकच घासलं तर ते हलकं होतं आणि ब्लॉक थरथरतो. परत आली की सोनाराच्या काट्यावर तिन्हीचं वजन बघा, फरक असेल तर जड पात्याच्या मागच्या बाजूनं घासून घ्या, धारेकडून नाही.

—

करवतकर:

आणि बसवताना सरळ रंधलेली लाकडी पट्टी मागच्या टेबलावर ठेवून ब्लॉक हाताने फिरवा, प्लग काढून. प्रत्येक पात्याने पट्टी सारखीच पुढे ओढली पाहिजे, ३ ते ५ मिमी. दोन्ही टोकांना तपासा. मग दाबपट्टीचे बोल्ट मधून कडेकडे आवळत जा.