बेसबॉलच्या जुन्या स्लाइड्स आणि फोटो मिळालेत, जपायचे कसे, ओळखायचे कसे?

एडिसनकर:
मंडळी, इथे न्यू जर्सीत एका इस्टेट सेलमधून (घरातलं जुनं सामान विकतात तो) बेसबॉलच्या जुन्या स्लाइड्सचा डबा घेतलाय, सोबत थोडे ब्लॅक अँड व्हाइट फोटो पण आहेत. स्लाइड्सच्या कागदी माउंटवर (चौकटीवर) कोडाक्रोम, म्हणजे कोडॅकच्या रंगीत फिल्मचं नाव छापलंय, खेळाडू न्यूयॉर्कच्या मेट्स टीमचे दिसतात पण ग्राउंड त्यांचं शे स्टेडियम नाहीये एवढं नक्की. एका फोटोत जुना दिग्गज खेळाडू बेब रूथ आहे, मागे शिक्के आहेत. विकायचं डोक्यात नाही, मला यातूनच कलेक्शन सुरू करायचंय. प्रोजेक्टर पण मिळालाय, तर वीकेंडला भिंतीवर लावू का? आणि फोटो त्या काळातलाच आहे की नंतर काढलेली प्रिंट, हे घरी कळतं का?

स्लाइडवेडा:
प्रोजेक्टर नको, प्लीज. कोडाक्रोम अंधारात ठेवली तर इतकी वर्षं झाली तरी रंग ताजे राहतात, पण प्रोजेक्टरच्या दिव्यापुढे भराभर उडतात. निगेटिव्हवरून कितीही प्रिंट काढता येतात, स्लाइड मात्र (कोणी डुप्लिकेट काढलेली नसेल तर) त्या दिवशी स्टँडमधे बसलेल्या माणसाच्या कॅमेऱ्यात होती तीच फिल्म असते, गेली की गेली. स्कॅन करून मग हवं तेवढं टीव्हीवर बघा. स्कॅनरमधलं धूळ काढणारं डिजिटल आइस मात्र बंद ठेवा, कोडाक्रोमवर बऱ्याच स्कॅनरमधे ते गोंधळतं आणि कडा खराब करतं. आधी हवेच्या ब्लोअरने धूळ उडवा, फिल्मला बोट लावू नका. ठेवायला पॉलिप्रॉपिलीनची पानं घ्या, पीव्हीसीची अजिबात नको.

हडसनकाठचा:
मेट्स 1962 आणि 63 असे दोनच सीझन न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स या जुन्या ग्राउंडवर खेळले, शे 1964 ला सुरू झालं आणि त्याच वर्षी पोलो ग्राउंड्स पाडलं. त्यामुळे युनिफॉर्म पांढरा आणि उभ्या रेघांचा, म्हणजे घरच्या मॅचचा असेल तर तुमच्याकडे खजिना आहे, कारण तेव्हा पेपरात येणारे फोटो बहुतेक ब्लॅक अँड व्हाइटच असायचे. युनिफॉर्म करडा असेल तर बाहेरगावची मॅच, मग फिलाडेल्फियाचं कॉनी मॅक स्टेडियम वगैरे ताडून बघा. पाठीवर 37 म्हणजे मॅनेजर केसी स्टेंगेल. आणि समोर जायंट्सचा 24 नंबर दिसला तर तो स्टार खेळाडू विली मेज, जायंट्स आधी पोलो ग्राउंड्सवरच खेळायचे, 1957 नंतर टीम सॅन फ्रान्सिस्कोला गेली आणि तो स्वतःच्या जुन्या ग्राउंडवर पाहुणा म्हणून आला, अशी स्लाइड मला मिळाली तर मी रात्रभर झोपणार नाही!

जुनीप्रिंट:
फोटोचं सांगते. आधी भिंगातून बघा, बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापलेलं चित्र आहे, फोटो नाही. मग अंधारात यूव्ही टॉर्च मारा. कागद निळापांढरा चमकला तर तो साधारण 1950 च्या दशकातला किंवा नंतरचा, आणि रूथ रिटायर झाला 1935 ला. पण चमकला नाही म्हणून जुनाच, असं धरू नका. इथे कलेक्टर टाइप वन म्हणतात ते मूळ निगेटिव्हवरून, फोटो काढल्यापासून साधारण दोन वर्षांच्या आत केलेल्या प्रिंटला, किंमत तिलाच जास्त. मागचे शिक्के, पेन्सिलीचे आकडे, चिकटवलेली कॅप्शनची चिठ्ठी, काहीही पुसू किंवा सोलू नका, पुरावा तोच असतो.

एडिसनकर:
खूप आभार! रूथचा फोटो यूव्हीखाली चांगलाच चमकला, म्हणजे नंतरची प्रिंट, तरी ठेवणारच. पण स्लाइड्समधे रेघांचा पांढरा युनिफॉर्म आणि 37 स्पष्ट दिसतोय!! माउंटवर ऑक्टोबर 62 आहे, तेव्हा मॅच कुठे होत्या?

हडसनकाठचा:
ती तारीख फिल्म धुतल्याची, फोटो काढल्याची नाही, लोक रोल कॅमेऱ्यात महिनोन्महिने ठेवायचे. म्हणजे 62 चाच सीझन, 120 मॅच हरले तो. माउंटवर फ्रेमचे नंबर असतील तर त्या क्रमाने लावा, मागच्यापुढच्या स्लाइडमधे स्कोअरबोर्ड सापडला तर समोरची टीम आणि मॅच दोन्ही शोधता येईल. स्कॅन झाले की इथे टाका.