डीएम लोकांनो सल्ला द्या: एल्मिन्स्टर, लाएरल असले दिग्गज जादूगार बसलेत म्हटल्यावर प्लेअर्सनी करायचं काय?

तिसरी_गल्ली_डीएम
नमस्कार मंडळी. कोल्हापुरातनं लिहितोय. राजारामपुरीत मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत दर रविवारी आमचं डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, डाइस टाकून गोष्ट खेळायचा खेळ) चालतं, पाच प्लेअर आणि मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, सात महिने झाले. पाचवी एडिशन, २०१४ चे नियम, फॉरगॉटन रेल्म्स ह्या काल्पनिक जगातलं (सेटिंगमधलं) वॉटरडीप शहर. २०१८ ची ती वॉटरडीपची अधिकृत मोहीम घेतलीय, पहिल्या लेव्हलपासून पाचव्यापर्यंतची. ज्यांना खेळायचीय त्यांनी पुढं वाचू नका, स्पॉइलर आहेत.

तर गोम अशी की हे शहर म्हणजे नुसते बाप लोक. ओपन लॉर्ड, म्हणजे शहराचा प्रमुख कोण, तर लाएरल सिल्व्हरहँड, मिस्ट्रा देवीच्या सात मुलींतली एक. ब्लॅकस्टाफ टॉवरमध्ये वाज्रा ही जादूगारीण. यॉनिंग पोर्टल खानावळीचा मालक डर्नन तर एकेकाळी अंडरमाउंटन, म्हणजे शहराखालचं भुयार फिरून आलेला, आणि त्याच्याच खानावळीतल्या विहिरीखाली हॅलस्टर हा वेडा जादूगार. ह्यात आमची पार्टी म्हणजे लग्नात चुकून शिरलेली पोरं.

माझीपण चूक झाली ती सांगतो. पहिल्याच सेशनला विहिरीतनं ट्रोल वर येतो, अंगाला स्टर्ज (रक्त पिणारे उडते किडे) चिकटलेले, डर्नन ट्रोलला घेतो आणि पार्टीनं स्टर्ज बघायचे असं आहे. मी काय केलं, तर डर्ननचा एकेक वार डाइस टाकून खेळलो, ट्रोलचापण मीच. माझाच हल्ला, माझाच बचाव, आणि एक वीस पडला तर स्वतःच 'आईशप्पथ' म्हणून ओरडलो. वर बघतोय तर दोघं मोबाइलमध्ये, आणि आमचा फायटर भज्याचा तेलकट कागद घड्या घालून घालून एवढासा करत बसलेला. म्हणाला, "आम्ही टाळ्या वाजवायच्या काय?"

आता आमचा क्लेरिक (पुजारी) पाचव्या लेव्हलला पोचला, लांबच्या माणसाला निरोप धाडायचं सेंडिंग स्पेल मिळालं, आणि दर संकटाला एकच टुमणं, "एल्मिन्स्टरला निरोप धाडूया की." परवा सरळ विचारलं, एवढे मोठे लोक असताना आम्ही कशाला मरायचं? मी म्हटलं ते बिझी आहेत. सगळे हसले. मीपण हसलो, पण उत्तर नव्हतं माझ्याकडं.

सेटिंग बदलू? का ह्या दिग्गजांना गारद करून मोकळा होऊ? तुम्ही काय केलंत?

गूळ_आणि_गॉब्लिन
भावा, सरळ एबेरॉन ह्या दुसऱ्या सेटिंगला ये. २००२ मध्ये डी अँड डीच्या कंपनीनं नव्या सेटिंगसाठी स्पर्धा घेतली होती, ११ हजारांवर एंट्र्या आल्या, त्यातनं हे निवडलं आणि २००४ ला छापलं. त्यात चांगल्या बाजूचे दांडगे लोक मुद्दाम कमी ठेवलेत, आणि जे आहेत त्यांना दावं बांधलंय. जेला डॅरन ही अख्ख्या सिल्व्हर फ्लेम धर्मपंथाची प्रमुख, अकरा वर्षांची पोरगी, पण तिची खरी ताकद फ्लेमकीप ह्या पंथाच्या ठाण्यातच, बाहेर पडली की उतरली. दुसरा ओआलियन, जबरदस्त ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा), पण तो झाड आहे. झाड! त्याला काय म्हणणार, चल बाबा आमच्याबरोबर? प्रश्नच मिटला.

जुना_डाइस
गूळवाले, एबेरॉन चांगलंच आहे पण सात महिन्यांची मोहीम अशी गुंडाळून ठेवू नये हो. आणि एल्मिन्स्टर उगाच बदनाम झालाय. ८० च्या दशकात ड्रॅगन मासिकात फॉरगॉटन रेल्म्सचे जनक एड ग्रीनवुड जादूच्या पोथ्यांवर लेख लिहायचे त्यात तो माहिती सांगणारा म्हातारा होता. त्या पोथ्यांची गोष्ट सांगायला कुणीतरी लागतो, तो हा. १९८७ ला फॉरगॉटन रेल्म्सचा पहिला बॉक्स आला, मग कादंबऱ्यांची रांग लागली, आणि कादंबरीत नायकानं जिंकायचंच असतं. तोच नायक टेबलावर आणून बसवला की प्लेअर प्रेक्षक होतो. पुस्तकातला हिरो आणि खेळातला शेजारी ह्या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत, एकाच माणसाला दोन्ही दिल्या की लोचा.

गारद करायचं म्हणत असशील तर तेपण करून झालंय. २००८ ला चौथ्या एडिशनला स्पेलप्लेग ही जादूची महाआपत्ती आणली, काळ साधारण शंभर वर्षं पुढं ढकलला, देव मेले, नकाशा फाटला. जुने लोक एवढे चिडले की पाचवीत बरंचसं परत आणावं लागलं. आणि एल्मिन्स्टर? तो वाचलाच.

मी वापरतो ते कारण सांगतो. आपल्याकडं फुटबॉलला पेठेचा एक दांडगा माणूस मैदानात उतरला की समोरच्या पेठेचापण उतरणार, मग मॅच राहते बाजूला आणि निस्तरायला पोलीस. म्हणून दोघं गॅलरीत बसून एकमेकांकडं बघत असतात. एल्मिन्स्टरनं वॉटरडीपच्या एका गल्लीसाठी हात हलवला तर तिकडं थे देशातल्या झास टॅम ह्या दुष्ट जादूगाराला कळणार की आज हा इकडं गुंतलाय. तो बिझी नाही, त्याच्यावर नजर आहे. 'बिझी'ला प्लेअर हसतो, 'नजर आहे'ला हसत नाही.

पांढरा_रस्सा
प्रॉब्लेम डर्नन नाही, तू आहेस. राग मानू नको. तुला डर्नन खेळायचा होता, खेळलास.

आणि २०१४ च्या नियमात सेंडिंगला ओळखीचा माणूस लागतो. तुमचा क्लेरिक एल्मिन्स्टरला कधी भेटलाय? नाही ना, मग जात नाही निरोप. विषय एंड. २०२४ च्या नियमात ढील दिलीय, भेटलेल्या माणसानं वर्णन केलं तरी चालतं, पण तुम्ही त्यात नाही.

तिसरी_गल्ली_डीएम
@पांढरा_रस्सा खरं आहे, मानतो. पण नियम दाखवून नाही म्हटलं की ते शोधत बसणार भेटायला, ह्या पोरांना ओळखत नाहीस तू. मला 'जात नाही' नकोय, 'गेला तरी काय उपयोग' असं पाहिजे.

लालमाती
दादा, मी तालमीत वाढलोय म्हणून तसं सांगतो. आमचे वस्ताद सत्तरीचे, अजून मानेवर हात ठेवला तर वाकायला होतं. पण मैदानात वस्ताद कधी लंगोट लावून उतरत नाहीत. कडेला बसतात, पोरगं चितपट व्हायला आलं तरी नुसतं "पट काढ, पट!" ओरडतात. ते उतरले तर पोराची कुस्ती झालीच नाही. कुणी विचारतपण नाही की वस्ताद का लढत नाहीत. म्हणजे दांडगा माणूस असण्यानं काही बिघडत नाही, कुस्ती कुणाची लागलीय ते ठरलेलं पाहिजे.

आणि हा प्रश्न आपल्याकडं कधीच सोडवून ठेवलाय की. महाभारत बघा. बलराम, गदेतला गुरू, युद्ध लागलं तसा तीर्थयात्रेला गेला. कृष्ण आहे, पण शस्त्र धरणार नाही हे आधीच सांगून बसला, त्यातपण सैन्य समोरच्याला देऊन टाकलं. हनुमान आहे, पण झेंड्यावर. आणि लोककथेतला तो बर्बरीक, तीन बाणांत युद्ध संपवणारा, त्याची तर युद्ध सुरू व्हायच्या आधीच कॅरेक्टर शीट (प्लेअरचा पात्राचा कागद) काढून घेतली. चौघांना चार वेगळी कारणं, आणि प्रत्येक कारणातनं पुढं गोष्ट निघते. नुसतं बिझी कुणालाच ठेवलेलं नाही.

आता तुमचा ट्रोल. डर्ननसाठी डाइस टाकायचाच नाही. दर राउंडला एक वाक्य. "डर्ननने ट्रोलला खांबाला दाबून धरलाय." पुढच्या राउंडला, "तोडलेला हात परत जुळतोय, डर्ननचा पाय बिअरवरनं घसरला." ट्रोल दर टर्नला १० हिट पॉइंट (जीव) भरून काढतो, आग नाहीतर अॅसिड लागलं तरच थांबतो, हे डर्ननला माहीत आहे पण त्याचे दोन्ही हात गुंतलेत. तो ओरडणार, "आग आणा कुणीतरी!" आता तुमच्या फायटरच्या टेबलावर कंदील आहे. झालं की. ट्रोल डर्ननने धरला, मारला फायटरनं. आणि पुढच्या वेळी खानावळीत गेल्यावर डर्नन त्याच्याकडनं पैसे घेणार नाही, भज्याचा कागदपण विसरेल तो.

आंबा_घाट
मला उलटा अनुभव आहे. आमच्याकडच्या मुली मोठी नावं बघायलाच येतात, कादंबऱ्यांतला हिरो ड्रिझ्ट दिसला नाही तर रुसतात. म्हणून मी लपवत नाही, फक्त मदतीची किंमत ठेवते. तुमच्या मोहिमेत पाच लाख सोन्याची नाणी दडलेली आहेत ना, आधीच्या लॉर्डनं शहराची ढापलेली? मग बोलवू दे की लाएरलला. ती येईल, गोड बोलेल, दहा मिनिटांत सगळं आवरेल आणि सोनं शहराच्या तिजोरीत जाईल, कारण ते शहराचंच आहे. तुमच्या पोरांच्या हातात आभाराचं पत्र. एकदा असं झालं की कोण नाव काढतंय.

जुना_डाइस
आंबा_घाट ताई, हे झकास. मी चोरणार.

तिसरी_गल्ली_डीएम
अपडेट देतोय, तीन रविवार झाले. सेटिंग बदललं नाही. पोरांना आधी सरळ सांगितलं की पहिल्या सेशनला मी माती खाल्ली. फायटर म्हणाला, "माहितीय."

लालमाती, तुमचं एक वाक्याचं गणित गोदीतल्या मारामारीत वापरलं, वाज्रानं जादूचा पडदा धरून ठेवला आणि आतली सगळी लढाई पोरांची. मोबाइल एकपण निघाला नाही, भजी गार झाली. आंबा घाटवाल्या ताईंचा हिशोबपण क्लेरिकच्या कानावर घातला, लाएरलचं नाव त्या मिनिटाला बंद.

राहिला एल्मिन्स्टर. पांढरा रस्सा रागावेल, पण मी सेंडिंग जाऊ दिलं. क्लेरिकनं एका जुन्या गवयाकडनं वर्णन मिळवलं, मी २०२४ चा नियम तेवढ्यापुरता लावला. उत्तर आधीच वहीत लिहून ठेवलं होतं, आवाज काढून वाचलं:

"एल्मिन्स्टर बोलतोय. मी फार लांब अडकलोय, यायला जमणार नाही. तुमच्या शहरातलं तुम्हीच निस्तरा. लाएरलला यातलं काही सांगू नका. आणि डर्ननकडं माझी दारूची उधारी आहे, ती भागवा."

मला वाटलं हसतील आणि पुढं जातील. क्लेरिक बोटं मोजत बसला. दोनदा मोजली. म्हणाला, "सव्वीस."

काय सव्वीस?

"शब्द. सेंडिंगमध्ये पंचवीसच जातात, उत्तरालापण. एवढा मोठा जादूगार आणि त्याला शब्द मोजता येत नाहीत? आणि लाएरलला सांगू नका का म्हणाला? हा एल्मिन्स्टर नाही. कुणीतरी मधनं निरोप पकडतंय."

देवाशपथ, माझी चूक होती, 'आणि' जास्तीचा पडला. पण चेहरा दगडासारखा ठेवला आणि डीएमच्या पुठ्ठ्याच्या पडद्यामागं उगाच एक डाइस टाकला. पुढचे दोन तास पोरांनी मला काही बोलूच दिलं नाही. रात्री साडेअकराला जिना उतरतानापण वाद चालू, की डर्ननकडं जाऊन आधी उधारीची वही बघायची, एल्मिन्स्टरचं खरंच खातं आहे का ते.

आता तो निरोप पकडणारा कोण, ते मला रविवारपर्यंत ठरवायचंय.

पांढरा_रस्सा
हॅलस्टर. विहिरीखालीच बसलाय. त्याला काय, टाइमपास.

तिसरी_गल्ली_डीएम
भावा डिलीट कर ते, क्लेरिक हा धागा वाचतोय.