आकाठी म्हणजे नेमकं काय?

उत्तरकसबा :
आईचं खुब्याचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले. खाटेवरून तिला दिसेल असं भिंतीवर लावायला बायबलमधल्या तेविसाव्या स्तोत्रातली ओळ छापायला दिली : ‘तुझी आकाठी व तुझी काठी मला धीर देतात.’ दुकानातल्या पोराला ‘आकाठी’ ही टायपिंगची चूक वाटली. न विचारता त्यानं ती सुधारली. हातात आलं ते ‘तुझी काठी व तुझी काठी मला धीर देतात’, वर लॅमिनेशन करून. भांडायला गेलो तर म्हणतो, ‘काका, आधी आकाठी म्हणजे काय ते सांगा.’ सांगता आलं नाही. रविवारच्या शाळेपासून तोंडपाठ आहे, दुःखाच्या घरी कितीदा म्हटलंय. काठीहून ती वेगळी कशी?

बाभूळशेंग :
ही आमची आकडी असणार. सांगोल्याकडं अजून बघायला मिळते. लांब काठी, टोकाला लोखंडी आकडा. उन्हाळ्यात बाभळीची फांदी त्यात अडकवायची आणि हिसडा द्यायचा. शेंगा पडायच्या आत शेळ्या खाली हजर. आमच्या आज्याची आकडी खांद्यावर असायची आणि काठी हातात. मेंढपाळाच्या दोन काठ्या म्हटल्यावर दुसरं काय असणार?

शुद्धवाचक :
आकडी म्हणजे फेफरं. ‘तुझी आकडी मला धीर देते’ वाचून कुणाला धीर येईल? व्युत्पत्ती सरळ आहे. मूळ शब्द आकडकाठी, मधला ‘डक’ गळून आकाठी झालं.

बाभूळशेंग :
गळताना बघितला काय तुम्ही?

रेल्वेलाइन :
मूळ हिब्रूत दोन वेगळे शब्द आहेत. पहिला शेवेट, म्हणजे दांडकं, सोटा. लांडगा आला तर हाणायला तोच. मेंढरं मोजतानाही त्याच्याखालून एकेक पुढं काढायची, बायबलच्या लेवीय पुस्तकात दशमांशाच्या नियमात हाच शब्द आहे. दुसरा मिशएनेत, त्याचा धातू ‘टेकणे’. म्हणजे एक हाणायची आणि एक टेकायची. ओढायची काठी त्यात कुठंच नाही, तेव्हा शेंगा पाडणं बाद.

बाभूळशेंग :
भाषांतर मराठीत झालंय की हिब्रूत? मराठी मेंढपाळाच्या हातात जे असतं ते लिहिलं असेल की ओ. स्तोत्र लिहिणारा दावीद राजा काय आमच्या माणदेशात आला होता?

पूर्वभाग :
आमच्या घरी तेलुगू शास्त्र, म्हणजे बायबल. त्यात ‘दुड्डुकर्र’ आणि ‘दंडमु’ आहे. दुड्डुकर्र म्हणजे जाड सोटाच, तेव्हा रेल्वेलाइन बरोबर. पण खरी गंमत पुढं आहे. ‘धीर देतात’च्या जागी आमच्यात ‘आदरिंचुनु’. तेलुगूत आदरण म्हणजे आधार, सांत्वन. मराठी मंडळीबरोबर, म्हणजे मराठी चर्चबरोबर, एकदा एकत्र उपासना होती. मी नववीत. धडाधड मराठी करून सांगितलं, ‘तुझा दंड माझा आदर करतो.’ मागच्या बाकावरून आवाज आला, ‘पावती फाडून करतो काय?’ अजून त्याच नावानं हाक मारतात. पवित्र आत्म्यालाही आम्ही ‘आदरणकर्त’ म्हणतो. मराठीत तिथं ‘कैवारी’ आहे. कैवारी म्हटलं की मला कोर्टातला वकील दिसतो, आदरणकर्त म्हटलं की आजी. मागावरून उठून पाठीवर हात ठेवायची, हाताला सुताचा वास.

रेल्वेलाइन :
वकील दिसतो ते चुकीचं नाही. ग्रीक ‘पाराक्लेतोस’ म्हणजे मदतीला बाजूला बोलावलेला. बाजूनं बोलणाराही तोच आणि पाठीवर हात ठेवणाराही तोच. मराठीनं एक अर्थ उचलला, तेलुगूनं दुसरा.

शुद्धवाचक :
मुळात ‘धीर देणे’च सैल आहे. धीर हे संस्कृतात विशेषण. नाम हवं तर धैर्य. ‘धैर्य देतात’ म्हणायला काय हरकत होती?

नाईटड्युटी :
हरकत अशी की ‘धैर्य सुटलं’ असं कुणी म्हणत नाही. धीर सुटतो, धीर खचतो, धीर धरावा लागतो. वॉर्डात बावीस वर्षं हेच ऐकतेय. आता शब्दावरूनच निघालंय म्हणून सांगते. एका पेशंटला भेटायला त्यांच्या मंडळीतले एक गृहस्थ आले. चांगले, भाविक. दारातूनच म्हणाले, ‘ताईंचं सांत्वन करायला आलोय.’ ताई पलंगावर उठून बसल्या, ‘कोण गेलं?’ त्यांना वाटलं घरच्यांनी काहीतरी लपवलंय. बीपी मोजायला मलाच पळावं लागलं. सांत्वनाला लोक माणूस गेल्यावर येतात. माणूस खाटेवर आहे तोवर धीर द्यायचा.

रेल्वेलाइन :
गंमत म्हणजे हिब्रूत क्रियापद एकच आहे, नहम. नहूम आणि नहेम्या ही नावं त्यातलीच. यशयाच्या पुस्तकात चाळिसाव्या अध्यायात तेच आहे आणि तिथं मराठीत ‘सांत्वन करा, माझ्या लोकांचे सांत्वन करा’ असं येतं. तिथं लोक बंदिवासात, घरदार गेलेलं. स्तोत्रातला माणूस अजून दरीतून चालतोय. भाषांतरकारानं फरक ओळखला.

शुद्धवाचक :
की दोन हात वेगळे होते?

रेल्वेलाइन :
असतील. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं एकहाती भाषांतर केलं, केडगावला, आयुष्याची शेवटची वर्षं त्यातच घातली. आपल्या सोलापुराहून पुण्याला जाताना गाडी तिथूनच जाते. कुणाकडे ती प्रत असेल तर तेविसाव्या स्तोत्राचं चौथं वचन बघा.

शेंगाचटणी :
सोलापुरात राहून काठ्यांवर एवढं बोललालाव आणि गड्ड्याच्या जत्रेचं नाव नाही? संक्रांतीला सिद्धेश्वराच्या सात काठ्या निघतात. बाहेरच्यांना सांगताना नंदीध्वज, आपल्या तोंडी काठ्याच. ‘काठ्या आल्या का?’ म्हटलं की गल्ली रिकामी. आमच्या शेजारचं कुटुंब ख्रिस्ती आहे, त्यांची पोरं सगळ्यात पुढं.

पूर्वभाग :
त्यातली दोन आमची.

शुद्धवाचक :
विषय आकाठीचा चालला होता. प्रचारात नसलेला शब्द तीन पिढ्या पाठ करायचा हे कसलं प्रेम? ‘सोटा’ लिहून मोकळे व्हा.

नाईटड्युटी :
‘तुझा सोटा मला धीर देतो’? पेशंटसमोर वाचून बघा एकदा. धीर देणं आणि दम देणं यात तुम्हाला फरक दिसत नसेल तर प्रश्नच मिटला.

बाभूळशेंग :
आमच्याकडं ‘दम धर’ म्हणजे धीर धरच की.

उत्तरकसबा :
एवढं सगळं आईला वाचून दाखवलं. तिला आता वॉकर दिलाय, पण तो तिला आवडत नाही, खडखड करतो म्हणते. भिंतीवरच्या कागदाकडे बघून म्हणाली, ‘बरोबरच छापलंय त्यानं. एक डाव्या हाताला, एक उजव्या.’ दुसरा कागद आणलास तर हा काढायचा नाही, असंही बजावलंय. तेव्हा छपाईचा प्रश्न सुटला. पण आकाठी म्हणजे काय, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मोल्सवर्थचा जुना शब्दकोश आहे का कुणाकडे?

शुद्धवाचक :
माझ्याकडे आहे. माळ्यावर, गाद्यांच्या खाली. रविवारी काढतो.

बाभूळशेंग :
काढताना आकडी लागंल.