सातची कसोटी आहे की, सांगलीचा पिनकोडच घ्या
कुणीतरी लिहिलंय की २, ३, ५, ९ च्या विभाज्यतेच्या कसोट्या (म्हणजे भागाकार न करता भाग जातो का ते ओळखायच्या युक्त्या) पोरांना पाठ असतात पण ७ आणि १३ ला सरळ भागाकारच करत बसावं लागतं. तसं नाहीये. ७ × ११ × १३ = १००१, सगळी गंमत ह्यातच आहे. आमच्या सांगलीचा पिनकोड बघा, ४१६४१६, म्हणजे ४१६ गुणिले १००१, त्यामुळं भागाकार न करताच कळतं की ७, ११, १३ तिन्हींनी निःशेष भाग जातो, आणि ४१६ म्हणजे परत १३ × ३२, म्हणून १३ नं तर दोनदा जातो, किती भारी आहे हे! अशी जुळी संख्या नसली तरी चालतंय, उजवीकडनं तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि एकाआड एक वजा-अधिक करायचं. साताऱ्याचा ४१५००१ घेतला तर ४१५ वजा १, राहिले ४१४, ह्याला ७, ११, १३ कशानंच भाग जात नाही, मग पूर्ण संख्येलाही नाही. पोरांना मात्र नुसतं पाठ करायला लावू नका, १००० हे १००१ ला एकनं कमी पडतात म्हणून वजाबाकी येते हे फळ्यावर मांडून दाखवा, पाचवी-सहावीच्या पोरांना बरोबर कळतं.