चक्कर, भोवळ, घेरी: शब्द तीन, प्रकार किती?

नौपाडेकर: आईला परवा वाशीला कान-नाक-घसावाल्यांकडे नेलं होतं. डॉक्टर तरुण. "काय होतंय आजी?" "घेरी येते." "म्हणजे चक्कर?" "चक्कर नाही हो, घेरी!" परतताना ठाण्याच्या लोकलमध्ये मी तिला फरक विचारला, तर म्हणते, "चक्कर तुम्ही तलावपाळीला मारता ती." आता जाणकारांनी सांगावं, खरंच फरक आहे का?

शब्दखोर: मुळात जाल तर तिन्ही शब्द गोलच फिरतात. चक्कर चक्रातून आली, घेरीत घेर आहे. भोवळ मात्र माझी लाडकी. जुन्या लेखनात ती 'भोंवळ' अशी अनुस्वारासकट दिसते, आणि तो अनुस्वार म्हणजे 'भ्रम'मधला उरलेला म. भोवरा, भोवती, भोवंडणं हे सगळं त्याच गोतावळ्यातलं. गंमत म्हणजे आपण भ्रम हा शब्द आता गैरसमजालाच ठेवलाय. वैद्यांच्या लेखी भ्रम म्हणजे सरळ गरगरणं. 'रजःपित्तानिलाद् भ्रमः', म्हणजे रज, पित्त आणि वात यांतून भ्रम होतो, असं माधवनिदान या जुन्या वैद्यकग्रंथात आहे. डॉक्टर लोक म्हणतात त्या व्हर्टिगोचं लॅटिन मूळही 'फिरणं' हेच.

ऐरोलीची सून: मूळ एक असेल, वापर एक नाही. आमच्याकडे भोवळ येते ती माणूस खाली पडण्यासाठीच. "उपासाने भोवळ आली," म्हणजे पाणी मारून उठवावं लागलं. घेरी बसल्या जागी येते. आणि पटकन उठल्यावर डोळ्यांपुढे येते ती अंधारी. चक्कर कशालाही चालते, म्हणून कशालाच नेमकी नाही.

शब्दखोर: हा तुमच्या घरचा कोश झाला! आमच्या आजीला अंथरुणात पडल्या पडल्या भोवळ यायची.

कानमापी: मी तोल तपासायच्या खोलीत काम करते, म्हणून लांबण लावते. शब्दावर फार विसंबू नका. एकच पेशंट सकाळी घेरी म्हणतो, संध्याकाळी चक्कर. आम्ही विचारतो: कशाने सुरू होते आणि किती वेळ टिकते? कूस बदलली, वरच्या फळीवरचा डबा काढायला मान मागे केली की खोली फिरते आणि मिनिटभराच्या आत थांबते? मग बहुधा कानातले खडे सरकलेत. आंतरकर्णात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण असतात. ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत घसरले, की मान हलवल्यावर नलिकेतलं पाणी नको तेवढं ढकललं जातं आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. वीस मिनिटांपासून काही तास गरगरतं, सोबत कान भरल्यासारखा, आवाज, ऐकू कमी, तर मेनिएर या कानाच्या आजाराचा विचार होतो. पॅरिसचे डॉक्टर मेनिएर यांनी 1861 मध्ये प्रथम मांडलं की असं गरगरणं केवळ मेंदूतून नव्हे, कानातूनही येतं. सूनबाईंची अंधारी मात्र बहुतेक वेळा रक्तदाबाची. तिथे कान निर्दोष.

तपासणी म्हणाल तर खड्यांसाठी यंत्रही लागत नाही. पलंगावर बसवून मान 45 अंश वळवायची, झटकन आडवं करून डोकं कडेखाली किंचित लोंबतं ठेवायचं आणि डोळे बघायचे. 1952 मध्ये ही मांडणाऱ्या दोघांच्या नावाने हिला डिक्स-हॉलपाइक म्हणतात. बुबुळं झटके देत फिरू लागली की खडे सरकलेला कान सापडला. दुसरी कानात कोमट आणि गार पाणी सोडायची, 44 आणि 30 अंशांचं. व्हिएन्नाचे कानाचे डॉक्टर बारानी यांनी पेशंटचे कान धुताना पाहिलं, की गार पाण्याने डोळे एका दिशेला झटकतात आणि गरम पाण्याने उलट. आंतरकर्णावरच्या या कामासाठी त्यांना 1914 चं नोबेल मिळालं. बातमी आली तेव्हा ते रशियनांच्या युद्धकैदेत होते!

अचानक गरगरून बोलणं अडखळलं, एक वस्तू दोन दिसू लागली, हातपाय लुळा पडला, तर मात्र शब्दचर्चा बंद आणि थेट हॉस्पिटल.

शब्दखोर: कानातले खडे! म्हणजे 'कानाला खडा' हा वाक्प्रचार आता नव्याने समजावून घ्यावा लागणार. बुबुळांच्या त्या झटक्यांना कोशात 'नेत्रदोल' आहे. छान आहे, पण झुल्यासारखा संथ वाटतो.

कोपरीकर: 'गाडी लागणं' विसरलात. ऊन लागतं, वारा लागतो, नजर लागते, तशी गाडी लागते. आपण काही करत नाही, बाहेरचं येऊन बाधतं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना माझ्या काकूला बोट लागायची.

कानमापी: आणि बसमध्ये मोबाइल वाचलात की हमखास लागते. कान सांगतो चाललोय, डोळे सांगतात बसलोय.

नौपाडेकर: काल पुन्हा वाशीला गेलो. आईला आडवं केलं आणि ती ओरडलीच, "हीच ती घेरी!" उजवा कान निघाला. मान या बाजूला, त्या बाजूला, मग कूस, असं करून खडे जागी घातले. एप्लीची पद्धत म्हणे. आता खोली फिरत नाही. पण चालताना काहीतरी वेगळंच होतंय. चक्कर? नाही. घेरी? "छे."

कानमापी: खडे बसल्यावर काही दिवस असं होतं. काय म्हणतात त्या?

नौपाडेकर: "हिंदकळल्यासारखं." भरली कळशी कडेवर घेऊन चाललं की पाणी होतं तसं.

शब्दखोर: नलिकेत पाणी असतं, हे त्यांना कोणी सांगितलं होतं का हो?

नौपाडेकर: नाही.