ठाण्यात नेलं, 'ठाण्याला' का नाही?

वागळेकर:
गेल्या महिन्यात आमच्या चाळीतला पोरगा बिघडला. वय २३, मानसिक आजाराची औषधं चालू होती, मधेच बंद केली. रात्री एकला गॅलरीतून सगळ्यांच्या चपला खाली फेकायला लागला. कोणीतरी ११२ लावला. पोलीस दहा मिनिटांत आले, हे कबूल. पण सकाळी सातपर्यंत पोरगा ठाणे अंमलदारासमोरच्या बाकावर, ओढणीने हात बांधलेला. शेजारी आई, मांडीवर फाईल आणि गोळ्यांचं पाकीट. ते पाकीट रात्रभरात कोणी हातात घेऊन बघितलंसुद्धा नाही. ठाण्याचं मनोरुग्णालय तिथून रिक्षाच्या अंतरावर!

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०० सांगतं की अशा माणसाला पोलिसांनी संरक्षणात घ्यायचं, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं आणि कोठडीत अजिबात ठेवायचं नाही. आम्ही सह्या गोळा करतोय. मागणी एवढीच, की हे कलम मराठीत, मोठ्या अक्षरात प्रत्येक पोलीस ठाण्यात लावा.

हवालदाराची बायको:
कलम अर्धंच सांगितलंत. त्यात २४ तासांची मुदत आहे. तुमचा पोरगा सहा तास बाकावर होता, कोठडीत नाही. म्हणजे गुन्हा काय घडला?
आमचे हे बारा तासांची ड्युटी करून येतात, बंदोबस्त असला की त्याचाही पत्ता नाही. रात्रपाळीला दोन शिपाई आणि एक गाडी. ती गाडी रुग्णालयात अडकली आणि इकडे मारामारीचा कॉल आला, तर उद्या तुम्हीच व्हिडिओ काढणार. आणि ओढणी कोणाची होती हो? चाळीतल्याच कोणाची ना?

वागळेकर:
ओढणी चाळीतलीच होती, ताई. आम्हीच बांधली, ठाण्यात कोणी सोडली नाही. आणि २४ तास ही शेवटची हद्द आहे. कायदा म्हणतो, शक्य तितक्या लवकर.

ऐरोलीचा मन्या:
पाट्यांनी काय होतं? माहिती अधिकाराची पाटीसुद्धा सरकारी कचेरीत असते, वर कॅलेंडर लटकवलेलं असतं. सुप्रीम कोर्टाने २००६ ला प्रकाश सिंह खटल्यात पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितलं, आपल्याकडे २०१४ ला कायद्यात दुरुस्ती झाली. तिथे जा. २०२० च्या निकालाप्रमाणे ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण किमान वर्षभर जपायचं आहे, ते आजच मागून ठेवा. सह्यांचे कागद साहेबांच्या टेबलावर चहाखाली जातात.

निवृत्त सिस्टर:
मी मनोरुग्णांच्या वॉर्डात नोकरी केली. बांधून आणलेला पेशंट लगेच ओळखू येतो. मनगटावर वळ असतात आणि पहिले दोन दिवस तो आमच्या हातची गोळी घेत नाही, पाण्याचा पेला आधी हुंगतो. बांधणारा पोलीस होता की मामा, त्याला फरक पडत नाही.
मन्या, प्राधिकरणाकडे जरूर जा, पण त्या आईला तारखा झेपतील का? तिचा मुलगा अजून उपचारात आहे. आणि लहानपणापासून आपण सगळेच 'याला ठाण्याला पाठवा' म्हणून हसत आलो. १९०१ पासूनचं ते रुग्णालय, त्याची आपण शिवी केली. चाळीने आधी ११२ लावला, १४४१६ कोणाला आठवला? टेली-मानस या सरकारी मानसिक मदतीच्या फोनवर रात्रीसुद्धा माणूस बोलतो. म्हणून पाटी चाळीच्या जिन्यातही लागली पाहिजे.

ऐरोलीचा मन्या:
सिस्टर, सगळं समाजावर ढकललं की खाकी सुटते. असंच होतं दरवेळी.

हवालदाराची बायको:
खाकी सुटते म्हणे! आमच्या यांना झोपेच्या गोळ्या लागतात, ते साहेबांना सांगायची चोरी. सांगितलं तर शिक्का बसतो. तुमच्या सह्यांच्या कागदावर त्याची ओळ आहे का?

वागळेकर:
नाही. राहून गेली. घालतो.

हवालदाराची बायको:
घाला. मग मीही सही करते, पण यांचं नाव कुठे येता कामा नये. आणि पाटीवर नुसतं कलम नको. रात्री दोनला गाडी कोणाची येणार आणि रुग्णालयात दार कोण उघडणार, ते लिहा. आधी स्वतः एकदा रात्री जाऊन विचारून या.

वागळेकर:
शनिवारी रात्री जातोय. सिस्टर, येता का?

निवृत्त सिस्टर:
येते. अकराच्या आत रिक्षा बघा, नंतर मीटरने कोणी येत नाही.