अनुभव धागा : प्रवासात पाहिलेली प्रादेशिक खाद्यपदार्थांची आणि वाइनची दुकाने

कोल्हापूरला आलेला पाहुणा गूळ आणि चटणी घेतल्याशिवाय सहसा परतत नाही. आपण परगावी जातो तेव्हा तिथल्या मातीतला माल विकणाऱ्या दुकानात काय पाहतो, काय विचारतो आणि कशावरून निवडतो, हे इथे सविस्तर लिहावे. माल कोणी, कुठे आणि कसा तयार केला हे दुकानदाराने किती सांगितले, याचा उल्लेख अवश्य करावा, ही विनंती.

राजारामपुरीहून

इटलीतील मोडेना शहरात चीज, हॅम, लॅम्ब्रुस्को वाइन आणि बाल्सामिक व्हिनेगर विकणाऱ्या एका लहान दुकानात आम्ही उभयता गेलो होतो. एकाच फडताळात व्हिनेगरच्या दोन प्रकारच्या बाटल्या होत्या आणि त्यांच्या किमतींत प्रचंड तफावत होती. कारण विचारल्यावर दुकानातील बाईंनी हातातले काम बाजूला ठेवून सांगितले, की स्वस्त प्रकारात द्राक्षरसाबरोबर वाइनचे व्हिनेगर असते आणि तो 60 दिवसांनंतरही विकता येतो. ‘त्रादिझिओनाले’ (म्हणजे पारंपरिक) असे लिहिलेल्या 100 मिलिलिटरच्या ठरावीक आकाराच्या बाटलीत मात्र केवळ आटवलेला द्राक्षरस असतो आणि तो ओक, चेस्टनट, तुती अशा निरनिराळ्या लाकडांच्या, क्रमाने लहान होत जाणाऱ्या पिंपांत किमान 12 वर्षे मुरतो. रस उघड्या भांड्यात मंद आचेवर आटवतात हे ऐकताच आम्हाला आपल्या गुऱ्हाळातली काहील आठवली. त्यांनी चमचाभर चव दिली. आधी आंबट, मग दाट गोडवा, आणि शेवटी लाकडाचा वास. हे शिजवू नये, पार्मेझान चीजच्या तुकड्यावर थेंब थेंब घालावे, असेही त्यांनी बजावले. इतकी माहिती मिळाल्यावर ती किंमत आम्हाला रास्त वाटली.

ताराबाई पार्कातून

नाशिकजवळच्या एका वायनरीच्या दुकानात मी एकच प्रश्न विचारला होता : तांबड्या रश्श्याबरोबर काय चालेल? तेथील तरुणाने तांबडी वाइन टाळायला सांगितले, कारण तिच्यातील तुरटपणामुळे आणि जास्त अल्कोहोलमुळे मिरचीची आग अधिक जाणवते. त्याऐवजी किंचित गोडसर शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन चांगली गार करून घ्यावी, असे त्याने सुचवले. घरी करून पाहिले, आणि त्याचे म्हणणे पूर्णपणे पटले. द्राक्षतोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात चालते, तेव्हा गेल्यास रस काढण्याचे कामही पाहायला मिळते. बाटल्या मात्र उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नयेत. उष्णतेने वाइन बिघडते.

शाहूपुरीहून

आमच्या घरी गुळाचा व्यापार आहे, म्हणून काउंटरच्या आतल्या बाजूने लिहिते. बाहेरगावचे गिऱ्हाईक पिवळाधमक गूळ पुढे ओढते आणि तांबूस-तपकिरी ढेप मागे सारते. वास्तविक रंग उसाची जात, जमीन आणि रस किती स्वच्छ केला यांवर ठरतो. काही ठिकाणी मळी काढण्यासाठी भेंडीचा चिकट रस वापरतात, तर काही ठिकाणी रंग उजळावा म्हणून रसायन घालतात. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरीही बहुतेक दुकानांत ढेप कोणत्या गुऱ्हाळातली आणि कधीची, हे लिहिलेले नसते. मोडेनाच्या बाईंसारखे सांगणारे माणूस आपल्याकडे प्रत्येक गुळाच्या दुकानात असावे, असे मला मनापासून वाटते. तोवर पाहुण्यांनी निदान विचारावे, आणि एक खडा जिभेवर ठेवून पाहावा : खारट लागला तर घेऊ नये.

गडहिंग्लजहून

आजरा घनसाळ तांदळाबाबतही हेच आहे. तो हुंगून घ्यावा, कांडप कधीचे आहे ते विचारावे, आणि घरी हवाबंद डब्यात ठेवावा. सुवास उडाला, की त्यासाठी जादा पैसे देण्यात अर्थ उरत नाही.